डाग

पोस्टमन पाकीट देऊन गेला तेव्हा दुपारचे दोन झाले होते. कात्री शोधायला उठलो तर बायको म्हणाली, "थांबा, व्हिडिओ काढायचा ना?" पाकीट फोडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर विकणारा तक्रार ऐकूनच घेत नाही, हे मागच्या दोन नाण्यांनी शिकवलंय. तेव्हापासून आमच्याकडे हा विधी चालतो. तिनं एका हातानं मोबाईल धरायचा, दुसऱ्या हातानं पदराचा वारा घ्यायचा, आणि मी पुठ्ठा अन् चिकटपट्टीचे वेढे सोडवत एखादा राजा बाहेर काढायचा.

या वेळी राणी होती. 1862 चा राणीछाप रुपया. समोरून झकास. मुकुट, केस, पोशाखावरची नक्षी, सगळं जागच्या जागी. उलटा केला आणि तोंडची चवच गेली. वरच्या फुलावर मसुराएवढा करडा गोळा, कानशीनं घासून बसवलेला. फोटोत नेमका तिथंच उजेड पाडला होता.

ज्यांना नाद नाही त्यांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. टांकसाळीनं 1874 पर्यंत या रुपयावरचं साल बदललंच नाही, सगळे 1862 चेच. मग कोणता कधीचा, ते सालाखालचे आणि वरच्या फुलाजवळचे बारीक ठिपके मोजून ठरवायचं. मी भिंग घेऊन रात्र रात्र ठिपके मोजणारा माणूस, आणि माझे वरचे ठिपके गोळ्याखाली गाडलेले!

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर लगेच आलं, "सर, पुराना सिक्का है, थोडा तो चलेगा." परत करायला सात दिवसांची मुदत.

आमचे आबाजी रुपया दगडावर टाकून, वाजवून घ्यायचे. बैल घेताना दात बघायचे आणि विकताना रुपयाचा आवाज ऐकायचे. फोटो वाजत नाही, ही सगळी अडचण.

तसं पाहिलं तर खराब नाण्यावर तोंड वर करून बोलण्याचा मला काही हक्क नाही. आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडून शकुंतला जायची. मूर्तिजापूर–यवतमाळची ती नॅरोगेज, तेव्हा वाफेचं इंजिन. तिची शिट्टी दोन शेतं आधी ऐकू यायची आणि तेवढ्यात आम्ही पोट्टे रुळावर पैसे मांडून धुऱ्याआड पडायचो. पाच पैशाचं चौकोनी, तीन पैशाचं षट्कोनी, ज्याला घरात जे सापडलं ते. गाडी गेली की नाणं गिट्टीत शोधायचं. सापडलं तर गरम असायचं, पिंपळाच्या पानासारखं पातळ, तीन सिंहांचा एक लांबलचक कुत्रा झालेला. रुळावर चेपलेल्या पैशाचं लोहचुंबक होतं, असं सगळ्या वर्गाचं मत होतं. मी तो कितीतरी दिवस खिळ्याला चिकटवत बसलो. अॅल्युमिनियमला चुंबकाचं काय सोयरसुतक! पण आबाजींना समजलं तेव्हा पायातली वहाण हातात आली. "लक्ष्मीले रुळावर ठेवतं काय बे?"

आज त्यातलं एखादं पान मिळालं तर मी राणी देऊन टाकीन. असो.

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला गेलो तेव्हा रुपया खिशात घातला. सोनाराला म्हटलं, जरा बघ, नाण्याला डाग आहे. त्यानं भिंग डोळ्याला लावलं.

"हा तं डाग व्हय, गुरुजी."

"तेच तर म्हणतोय मी."

"तो डाग नाही. डाग! कडी जोडली व्हती इथं. हे गळ्यातलं व्हय. बंजारनीच्या असंल, नाही तं आपल्यातल्याच कोनाच्या."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. धोतरावर पडतो तो डाग. गळक्या घागरीला लावतात तोही डाग. आणि लग्नात विचारतात, पोरीच्या अंगावर डाग किती घातले, तेही डागच. जन्मभर मराठी शिकवली आणि हे तिन्ही एका नाण्यावर बसलेले सोनारानं दाखवायला लागले.

"काढून देऊ काय? पन खालचं फूलबी जाईन."

नको म्हटलं. मग त्यानं उगीच काट्यावर टाकला. टांकसाळीतून निघतो तेव्हा हा रुपया 11.66 ग्रॅमचा. काटा 11.4 वर थांबला, तोही डागासकट. घरी आल्यावर पुन्हा भिंग लावलं तेव्हा दिसलं की उलटी बाजू जास्त गुळगुळीत आहे. म्हणजे राणी तोंड बाहेर करून मिरवायची आणि 'वन रुपी' आतून अंगाला घासत राहायचं. किती वर्षं, कोण जाणे.

आमच्या आजीच्या गळ्यात असे सात होते म्हणतात. मी पाहिले ते तीन, मधल्या जागी लाल मणी ओवलेले. मृग तोंडावर आला की आबाजी दोन दिवस न बोलता अंगणात फेऱ्या मारायचे. मग आजी देवघरात जायची, दोरा दातानं तोडल्याचा बारीक आवाज यायचा, आणि दुसऱ्या दिवशी घरात सरकीचं पोतं. "एक डाग मोडला," एवढंच ती मायला सांगायची. कपाशी चांगली आली की परत करू, असं दर वर्षी ठरायचं. सोनार ते वजनावर घेई, वितळवून टाकी. साल, ठिपके कोण पाहतो? आजी गेली तेव्हा दोऱ्यात नुसते मणी होते, आणि ते मोजायचं कुणाला सुचलं नाही.

सातवा दिवस काल संपला. बायकोनं विचारलं, "पाठवलं का परत?"

चिकटपट्टी संपली होती, असं सांगितलं.