पिकोवरून ळ: यूएसबी उदाहरणांतली प्रगती

राजेंद्रनगरात आमच्या शेजारच्या काकांच्या लॅपटॉपची एन ही कळ गेली आहे. ते मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतात, म्हणजे साधा दाबला की ल, शिफ्ट धरून दाबला की ळ, दोन्ही त्याच कळीवर. गणपतीची सूचना लिहायची तर 'मंडळ' हा अख्खा शब्द जुन्या फाइलमधून उचलून चिकटवतात. माझ्याकडे रास्पबेरी पाय पिको हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड होता आणि यूएसबी फर्मवेअर, म्हणजे अशा बोर्डात चालणारा प्रोग्राम, शिकायचं कधीपासून मनात होतं. म्हणून पिकोलाच यूएसबी कीबोर्ड बनवून ती कळ पाठवायचं ठरवलं.

सुरुवात पिकोच्या तयार उदाहरणांतल्या एचआयडी कॉम्पोझिटपासून केली (एचआयडी म्हणजे कीबोर्ड-माउससारखी उपकरणं). खाली काम टायनीयूएसबी ही लायब्ररी करते. ती एसडीकेमध्ये (पिकोसाठी प्रोग्राम लिहायच्या संचात) गिट सबमॉड्यूल, म्हणजे वेगळी उतरवावी लागणारी जोड, म्हणून येते, त्यामुळे एसडीके उतरवल्यावर सबमॉड्यूलही अपडेट करून घ्या. नाहीतर यूएसबीची उदाहरणं बिल्डच होत नाहीत. पुढचं सोपं: बोर्डावरचं बूटसेल हे बटण दाबून धरायचं, केबल लावायची, पेनड्राइव्हसारखी खिडकी उघडली की बिल्डमधून तयार झालेली यूएफ२ फाइल त्यात टाकायची. खिडकी उघडलीच नाही तर आधी केबल बदलून पाहा. जेल रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या केबलींत नुसत्या चार्जिंगच्याही असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात.

बोर्डावरचा एलईडी नीट बघा, तो बरंच सांगतो. पाव सेकंदाला बदलत असेल तर कॉम्प्युटरने उपकरण अजून स्वीकारलेलं नाही. सेकंदाला बदलू लागला की जोडणी झाली. अडीच सेकंदांवर गेला तर यूएसबी झोपलेलं आहे.

माझं मत असं, की सी कोड वाचण्याआधी डेस्क्रिप्टरची, म्हणजे उपकरणाच्या ओळखपत्राची, फाइल वाचावी. उपकरण जोडलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, तू कोण? उत्तरात १८ बाइट्सचा डिव्हाइस डेस्क्रिप्टर जातो, मग कॉन्फिगरेशन, मग एचआयडीचा रिपोर्ट डेस्क्रिप्टर. मी कीबोर्ड आहे, माझा रिपोर्ट (कोणत्या कळी दाबल्यात ते सांगणारा संदेश) असा दिसतो, हे सगळं तिथेच ठरतं. उदाहरणात उत्पादन क्रमांक चालू केलेल्या इंटरफेसांवरून आपोआप बनतो. हे मुद्दाम केलंय: कॉम्प्युटर एकदा जोडलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर लक्षात ठेवतो, त्यामुळे क्रमांक तोच आणि इंटरफेस वेगळे असले तर गोंधळ होऊ शकतो.

आता खरी गंमत. मूळ उदाहरणात बूटसेल दाबलं की ए ही कळ जाते, माउस सरकतो, आवाजही कमी होतो. मी कीबोर्ड तेवढा ठेवला. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. एनचा क्रमांक हेक्समध्ये ११, डाव्या शिफ्टचा बिट ०२. ळ साठी रिपोर्ट असा:

०२ ०० ११ ०० ०० ०० ०० ००

पहिला बाइट शिफ्ट-कंट्रोलवगैरेंचा, दुसरा राखीव, उरलेले सहा एकाच वेळी दाबलेल्या कळींचे. (या उदाहरणात रिपोर्ट आयडी आहे, म्हणून तारेवर याच्या आधी आणखी एक बाइट जातो, तो लायब्ररी स्वतः लावते.) यानंतर सगळे शून्य असलेला रिपोर्ट पाठवलाच पाहिजे. तो गेला नाही तर कॉम्प्युटरला कळ दाबलेलीच वाटते आणि ळळळळळ सुरू होतं. हेच बाइट्स इंग्रजी लेआउटवर मोठा एन उमटवतात. देवनागरी कॉम्प्युटरच्या बाजूला ठरते. म्हणून फर्मवेअरमध्ये युनिकोडचं काहीच करावं लागलं नाही. काकांच्या लॅपटॉपवर 'मंडळ' सरळ टाइप झालं तेव्हा फार आनंद झाला.

मुख्य लूपमध्ये टीयूडी टास्क, म्हणजे टायनीयूएसबीचं यूएसबी सांभाळणारं फंक्शन, सतत चालला पाहिजे. मधे लांब स्लीप टाकली की कॉम्प्युटरला वेळेवर उत्तर जात नाही. दोन दाबांमधला वेळ मोजायचा असेल तर घड्याळ वाचून मोजा.

ल अजून बाकी आहे, त्याला दुसरं बटण हवं. शिवाय बूटसेल वाचायला फ्लॅश मेमरीची चिपसिलेक्ट (ती चिप निवडणारी तार) क्षणभर मोकळी सोडावी लागते, इंटरप्ट (चालू काम थांबवणारे इशारे) बंद ठेवावे लागतात. कायमच्या वापराला ते मला पटत नाही. आता पिकोच्या जीपी१४ आणि जीपी१५ या पिनांवर दोन बटणं ग्राउंडला जोडतोय, आतला पुलअप (बटण न दाबता पिन वर धरून ठेवणारा रोध) चालू करून. कोणी डिबाउन्स (एका दाबाचे अनेक दाब मोजले जाऊ नयेत याची सोय) टायमर इंटरप्टमध्ये केला असेल तर कसा केला ते सांगा, मी सध्या लूपमध्येच दर १० मिलिसेकंदांनी वाचतोय.