दोन कार्डं, एकच मेसेज

परवा ताईचा फोन आला. "अरे, कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं तर तो म्हणतोय फॉरमॅट करा. करू का?" मी जवळजवळ ओरडलोच, हात लावू नकोस, कॅन्सल कर आणि कार्ड बाहेर काढून ठेव. तर ती म्हणते, "पण तोच सांगतोय ना करायला."

तिचंही चूक नाही म्हणा. विंडोजचं ते वाक्यच असलं आहे की कोणालाही वाटावं हा उपाय सांगतोय, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा, आणि बटण शेजारीच तयार. त्याचा खरा अर्थ फक्त "मला हे वाचता येत नाहीये" इतकाच असतो. का येत नाही हे त्यालाही माहीत नसतं, पण कबूल कोण करणार, त्यापेक्षा सगळं पुसून टाकू असं सुचवणं सोपं.

मी तिला पहिलं सांगितलं की कार्ड परत कॅमेऱ्यात टाक आणि फोटो दिसतात का बघ, नवीन फोटो मात्र एकही काढू नकोस. पाच मिनिटांनी फोन, "सगळे दिसतायत रे, व्हिडिओपण चालतायत." बस, निम्मं निदान इथेच झालं. कॅमेरा वाचू शकतोय म्हणजे कार्ड ठीक आहे, त्यावरची फाइल सिस्टिमपण (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी मांडणी) ठीक आहे, घोळ लॅपटॉपच्या बाजूला आहे. लोक ही एवढी साधी गोष्ट करत नाहीत, थेट रिकव्हरीची सॉफ्टवेअरं शोधत बसतात.

मग विचारलं कार्ड केवढ्याचं, तर ६४ जीबी. आणि लॅपटॉप? तोच जुना, माझ्याकडून घेतलेला. इथे माझी ट्यूब पेटली. एसडी कार्डं बाहेरून सगळी सारखीच दिसतात पण आत पिढ्या आहेत. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, त्याच्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, आणि ३२ च्या पुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. एसडीएक्ससी आलं २००९ मध्ये, आणि त्याच्याबरोबर फाइल सिस्टिमही बदलली, फॅट३२ च्या जागी एक्सफॅट. नवीन रीडर (कार्ड घालायची ती खाच) जुनी कार्डं वाचतो, जुना रीडर नवीन कार्डं वाचेलच असं नाही. कार्ड आत बसतं मात्र व्यवस्थित, तिथेच फसायला होतं. जुना रीडर कधी काहीच दाखवत नाही, कधी साइझ भलतीच दाखवतो, आणि कधी शांतपणे विचारतो फॉरमॅट करू का. म्हणजे चांगलं धडधाकट कार्ड, सगळे फोटो जागेवर, आणि ज्याला ते कळतच नाही तो म्हणतोय पुसू का!

उपाय अगदीच साधा निघाला. कॅमेऱ्याबरोबर आलेली यूएसबी केबल शोधायला लावली (तिला वीस मिनिटं लागली, कपाटात कुठेतरी होती), कार्ड कॅमेऱ्यातच ठेवून कॅमेरा लॅपटॉपला जोडला. असं केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये कार्ड वाचायचं काम कॅमेरा स्वतः करतो आणि कॉम्प्युटरला नुसत्या फाइल्स देतो, त्यामुळे लॅपटॉपचा रीडर किती म्हातारा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. कॅमेरा फोटो ठेवतो ते डीसीआयएम फोल्डर उघडलं, सगळं कॉपी झालं, ताई खूश.

मी एवढा छातीठोकपणे बोलत होतो त्याचं कारण म्हणजे गेल्या वर्षी हाच मेसेज मला आला होता आणि तेव्हा प्रकरण खरंच बिघडलेलं होतं. चूक माझीच. कॉपी चालू असताना घाईत कार्ड उपसलं, इजेक्टबिजेक्ट काही नाही. परत लावलं तर "फॉरमॅट करा". शब्दशः तेच वाक्य. पण माझं कार्ड कॅमेऱ्यातपण चालेना, तोही म्हणाला कार्ड वाचता येत नाही.

तरी आधी स्वस्तातले उपाय केले. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसल्या, दुसरा रीडर लावला, हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं. मायक्रो एसडी असेल तर ॲडॉप्टर बदलूनही बघायचं, तो प्लॅस्टिकचा तुकडा सगळ्यात आधी दगा देतो. आणि ते बाजूचं लॉकचं बटण. ते कार्डाच्या आत कशालाच जोडलेलं नसतं, नुसतं सरकणारं प्लॅस्टिक आहे, रीडरमधला छोटा स्विच ते कुठे आहे ते बघतो आणि ठरवतो लिहायचं की नाही. त्यामुळे लॉक असलं तरी वाचायला अडचण येत नाही. उलट अशा वेळी मी मुद्दाम लॉक करूनच लावतो, चुकून फॉरमॅटवर क्लिक झालंच तर बहुतेक रीडर लिहू देत नाहीत. कॅमेऱ्यात परत घालताना लॉक काढायचं विसरायचं आणि मग कॅमेराच बिघडला म्हणून घाबरायचं, हेही करून झालंय माझं.

यातलं काहीच चाललं नाही तेव्हा विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवतं ते. खरं तर हे आधीच उघडायला हवं, कारण माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नसेल तरी इथे कार्ड दिसू शकतं. कधी कधी नुसतं ड्राइव्ह लेटर मिळालेलं नसतं, राइट क्लिक करून लेटर दिलं की झालं काम. माझ्या नशिबात ते नव्हतं. ३२ जीबीचं कार्ड, २९ पॉइंट काहीतरी जीबी दिसतंय (एवढंच दिसतं, हिशोबाचा फरक आहे, चोरी नाही), आणि फाइल सिस्टिमच्या जागी लिहिलंय रॉ. हा फोटोतला रॉ नव्हे, याचा अर्थ विंडोजला ओळखीचं काही सापडलं नाही. पण साइझ बरोबर दिसतेय ही चांगली खूण होती, म्हणजे आतला कंट्रोलर, कार्ड चालवणारी चिप, जिवंत आहे. साइझ शून्य दिसली असती किंवा कार्ड कुठेच दिसलं नसतं तर घरच्या घरी करण्यासारखं फार काही नसतं, ते रिकव्हरीवाल्यांचं काम.

इथे चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवायचा मोह होतो. रॉ असेल तर तो सरळ नाहीच म्हणतो, आणि रॉ नसेल तेव्हा तो चालतो हाच प्रॉब्लेम आहे, कारण तो फाइल सिस्टिम "दुरुस्त" करताना कार्डावर लिहितो आणि तुमचे फोटो डॉट सीएचके नावाच्या तुकड्यांमध्ये करून ठेवू शकतो. फोटो बाहेर निघेपर्यंत कार्डावर काहीही लिहायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळला.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, हार्ड डिस्कवर काढली. हा आधी जे नीट वाचता येतं ते उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतो, त्यामुळे मरायला टेकलेल्या कार्डाला उगाच छळत नाही. कमांडमध्ये आधी कार्ड आणि मग इमेज, हे तीनदा वाचून मगच एंटर मारलं, उलटं झालं असतं तर मीच कार्डावर लिहून बसलो असतो.

पुढचं काम फोटोरेक नावाच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने केलं, तेही त्या इमेजवर, कार्डाला हातसुद्धा न लावता. फोटोरेक फुकट आहे, दिसायला भयाण आहे, काळ्या स्क्रीनवर बाणांच्या कीज दाबत बसायचं. तो फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, कारण तीच तर गेलेली असते. तो सरळ डेटा चाळत जातो आणि फाइलची सुरुवात ओळखतो, जेपेग असेल तर पहिले बाइट एफएफ डी८ एफएफ असतात, ते दिसले की इथे फोटो सुरू झाला. नावं सगळी गेली, एफच्या पुढे लांबलचक आकडा अशी नावं आली, मध्ये मध्ये फोटोंचे चिमुकले थंबनेलपण वेगळ्या फाइल होऊन आले. पण तारीख फोटोच्या आतच असते त्यामुळे क्रम लावता आला. फोटो जवळपास सगळे मिळाले. व्हिडिओंचं मात्र वाटोळं झालं, मोठ्या फाइल्स कार्डावर तुकड्या तुकड्यांत पडलेल्या असल्या की त्याला त्या जोडता येत नाहीत. तीन व्हिडिओ उघडतच नाहीत, अजून ठेवलेत, का ते विचारू नका.

ते कार्ड नंतर फॉरमॅट करून एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासलं, पूर्ण भरून परत वाचून बघतो तो. एरर आल्या. कैचीने दोन तुकडे केले आणि टाकलं.

हे सगळं ताईला फोनवर सांगत होतो, तिने निम्मं ऐकलं असेल. शेवटी विचारते, "बरं, फोटो लॅपटॉपवर पण आलेत आणि हार्ड डिस्कवर पण टाकलेत, आता करू का फॉरमॅट?"

म्हटलं कर, पण कॅमेऱ्यातून कर. त्या लॅपटॉपला विचारू नकोस.