पुणे ते म्हैसूर: येझदीला तिच्या जन्मगावी नेताना

भारतातल्या बहुतेक जुन्या जावा आणि येझदी मोटरसायकली म्हैसूरच्या. त्या बनवणाऱ्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना तिथल्या यादवगिरी भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि १९९६ साली बंद पडला. माझी येझदी रोडकिंग १९८४ची. तिला एकदा तिच्याच चाकांवर तिथवर न्यायचं, हे कितीतरी वर्षं मनात होतं. यंदा पावसाळा सरल्यावर जमलं.

आम्ही तिघं होतो. मी, साठच्या दशकातली जावा जिवापाड जपणारा माझा मित्र, आणि कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट घेऊन आलेले दादा. दादांच्या बुलेटचे गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आमच्या गाड्यांचं बरोबर उलटं. त्यामुळे वाटेत गाड्या अदलाबदल करायच्या नाहीत, हे निघायच्या आधीच ठरलं. भर हायवेवर ब्रेक म्हणून पाय दाबावा आणि गियर पडावा, ही जोखीम कोणालाच नको होती.

पुणे ते म्हैसूर साडेआठशे-नऊशे किलोमीटर. ताशी साठ-पासष्टच्या वर जायचं नाही, पन्नास-साठ किलोमीटरला थांबून इंजिन निवू द्यायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. जावाचा दिवा सहा व्होल्टचा. त्याच्या उजेडात समोरच्याला आपण दिसतो, आपल्याला खड्डा दिसत नाही.

खंबाटकी घाटाच्या अलीकडे पारगाव-खंडाळ्याला पहिला मोठा थांबा घेतला. घाट चढताना या गाड्या कुरकुर करत नाहीत. दुसऱ्या गियरमध्ये, ट्रकांच्या मागे, आपल्या लयीत त्या वर जातात. खरी काळजी उतारावर घ्यावी लागते. आमच्या जावा-येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल पंपाने मिळत नाही. पेट्रोलच्या टाकीत लिटरला तीस-चाळीस मिली टू-टी ऑइल मिसळलेलं असतं, त्यावरच पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकची बेअरिंगं चालतात. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गियरमध्ये सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहतं पण आत पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. अशानेच पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून सुरूरच्या बाजूला उतरताना दर थोड्या वेळाने मूठ किंचित पिळायची, दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की पुन्हा सोडायची. हे सवयीचं झालं की हात आपोआप करतो.

कोल्हापूरपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा, त्याबद्दल काय लिहू. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट ओलांडला की हवा बदलते, पाट्या कानडीत सुरू होतात आणि पेट्रोल पंपावर दर वेळी तीच विचारपूस: कुठली गाडी, किती सालची, पार्ट मिळतात का? धारवाडला एका पंपावरच्या गृहस्थांनी तर जावाच्या टाकीवरून हात फिरवून सांगितलं, “आमच्या अण्णांकडे होती हो. त्यांनी लग्नानंतर वहिनीला याच गाडीवरून घरी आणलं.” ते मराठी बोलत होते, धारवाडकडचं हेल काढून. आमचं पेट्रोल भरून झालं तरी त्यांचा हात टाकीवरून निघेना.

राणेबेन्नूर सोडल्यावर जावाची क्लचची वायर तुटली. लिव्हर हँडलला नुसता लोंबकळत राहिला. जास्तीची वायर दादांच्या बॅगेत आणि दादा पुढे निघून गेलेले. दुसरी कुठली गाडी असती तर तिथेच ढकलत कडेला घेऊन बसावं लागलं असतं. जावाला सेमी-ऑटोमॅटिक क्लच आहे, म्हणजे गियरचा लिव्हर पायाने दाबला की आतली यंत्रणा क्लच आपोआप सोडवते. मित्राने कडेला गाडी न्यूट्रलला घेतली. गियरचा लिव्हर आत दाबून, वर फिरवून त्याचाच किक केला (या गाड्यांना किक आणि गियर मिळून एकच दांडी असते) आणि इंजिन सुरू केलं. मग दांडी पुन्हा पुढे घेतली, पायाने पहिला गियर दाबून धरला आणि पाय अगदी सावकाश सैल सोडला. गाडी जराही झटका न देता पुढे सरकली. मी मागून पाहत होतो. डावा हात हँडलवर नुसता ठेवलेला, आणि पाऊल असं हळुवार उचललं जात होतं जसं झोपलेल्या बाळाच्या पाळण्याजवळून उठताना उचलतो.

तशीच ती हरिहरपर्यंत आली, तुंगभद्रेच्या पुलावरून, मधल्या दोन गतिरोधकांसकट. तिथे दादा थांबलेले होते. नवी वायर घालायला फार वेळ लागला नाही. जुनी वायर काढण्याआधी तिच्या टोकाला नवी दोऱ्याने बांधायची आणि जुनी ओढून काढायची, म्हणजे नवी आपसूक त्याच वाटेने येते. दावणगेऱ्याला लोण्याचा डोसा खाल्ला तेव्हा मित्र म्हणाला, “वायर तुटली ते बरंच झालं. इतकी वर्षं गाडी वापरतोय, पण हे करून कधी पाहिलं नव्हतं.”

चित्रदुर्गाच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या बराच वेळ सोबत करतात. हिरियूरला आम्ही बंगळूरचा हायवे सोडला आणि हुलियार, चिक्कनायकनहळ्ळी, नागमंगल असा दक्षिणेचा रस्ता धरला. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत सुंदर टप्पा. दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा, ट्रकांची गर्दी नाही, आणि रस्ता असा की चौथ्या गियरमध्ये पंचावन्नवर इंजिनाचा आवाज बांधला जातो आणि तासभर तसाच राहतो. जुन्या गाडीवर लांब जायचं सुख मला इथे पूर्ण भेटलं. कान सतत इंजिनाकडे असतो, आणि ते ठीक चाललंय हे कळत राहण्यातच मन रमतं. पांडवपुऱ्याचा ऊस मागे पडला, श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली आणि म्हैसूर आलं.

यादवगिरीत जाऊन आलो. कारखान्याबद्दल तिथे पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे ठाऊक होतंच. मला भेटायचं होतं ते माणसांना. एका मेकॅनिकच्या ओळखीने एक निवृत्त गृहस्थ भेटले, त्यांची उमेदीची वर्षं त्या कारखान्यात गेलेली. वय ऐंशीच्या आसपास. कानडी आणि मोडकं हिंदी एवढ्यावर आमचं बोलणं. मी रोडकिंग सुरू केली. ते काही न बोलता मागे गेले, खाली बसले आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडापाशी दोन तळवे धरले. रोडकिंगला सिलिंडर एक पण एक्झॉस्टची तोंडं दोन, त्यामुळे दोन्हीकडून येणारा झोत सारखा लागायला हवा. त्यांनी डावा हात हलवून मला खूण केली: इथे कमी आहे.

डाव्या सायलेन्सरचं मागचं टोक उघडलं. आतली बॅफल (आवाज दाबणारी भोकांची नळी) बाहेर काढली तर भोकं कार्बनने जवळपास बुजलेली, काळा, तेलकट, कडक थर. टू-टी ऑइल जळून वर्षानुवर्षं साचत गेलेला. त्यांनी ती जाळात धरली, थर पांढुरका होऊन सुटायला लागला तशी तारेच्या ब्रशने घासली आणि भोकं एकेक करून मोकळी केली. मग उजवीही काढायला लावली. सगळं बसवल्यावर पुन्हा दोन्ही तळवे धरले आणि या वेळी मान डोलावली. मी पाया पडलो तर त्यांनी माझा हात धरून तो गाडीच्या टाकीवर ठेवला.

परतताना फरक लगेच कळला. नागमंगलच्या पुढे, जाताना जिथे तिसरा गियर घ्यावा लागला होता, ती चढणं रोडकिंगने चौथ्यातच काढली. ज्यांच्याकडे जुनी टू-स्ट्रोक आहे आणि लांब निघायचा विचार आहे, त्यांनी ठिणगीसाठी लागणारे प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि क्लचची वायर सोबत घ्याच. पण निघण्याआधी गाडी सुरू करून सायलेन्सरमागे हात धरून बघा, आणि झोत कमी वाटला तर बॅफल काढून जाळून साफ करूनच रस्त्याला लागा.