लिश्मानिया मेला, पण कसा? – माझा अनुभव

काळा आजाराचा परजीवी, लिश्मानिया डोनोव्हानी, मारणं फारसं कठीण नाही. मिल्टेफोसिन हे औषध घातलं की फ्लास्कमध्ये वळवळणारे प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं, पोहणारं रूप) मंदावतात, गोल होतात, तळाशी बसतात. ते अपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या ठरलेल्या आत्मघाताने, मेले की नुसतेच फुटले, हे दाखवायला मात्र माझ्या पीएचडीचा मोठा तुकडा खर्ची पडला.

बहुतेकजण ॲनेक्सिन-व्ही या मरणाऱ्या पेशीच्या पटलाला चिकटणाऱ्या प्रथिनापासून सुरुवात करतात, मीही केली. २६ अंशांवर वाढवलेल्या पेशी धुवायच्या, कॅल्शियमच्या बफरमध्ये ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) घालून १५ मिनिटं अंधारात ठेवायच्या, मग फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र. हिरवा सिग्नल झकास आला. माझ्या गाइड मॅडमनी आलेख बघून एवढंच विचारलं, "पण हे चिकटलंय कशाला?"

प्रश्न रास्त होता. माणसाच्या पेशीत ॲनेक्सिन धरतं ते बाहेर आलेलं फॉस्फॅटिडिलसेरीन, म्हणजे एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असणारं लिपिड. प्रोमॅस्टिगोटच्या लिपिडांची मास स्पेक्ट्रोमेट्री करणाऱ्यांना त्यात ते मिळालंच नव्हतं. पटल सच्छिद्र झालं की ॲनेक्सिन आत शिरून दुसऱ्या ऋणभारित लिपिडांना चिकटू शकतं. किटच्या डब्यावर ‘अपॉप्टोसिस’ छापलेलं असतं, पण तो डबा सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी बनवलेला!

कॅस्पेजचं किट मी मागवलंच नाही. कॅस्पेज म्हणजे आपल्या पेशींत अपॉप्टोसिस घडवणारी, प्रथिनं कापणारी एन्झाइम (प्रोटिएज); लिश्मानियात ती नाहीत. मेटाकॅस्पेज आहे, पण ते आर्जिनिन किंवा लायसिनपाशी कापतं, कॅस्पेजसारखं ॲस्पार्टिक आम्लापाशी नाही. त्या किटमध्ये काही चमकलं असतं, तर ते दुसऱ्याच कुठल्या प्रोटिएजमुळे.

ट्यूनेल चाचणीने सर्वांत जास्त शिकवलं. त्यात डीएनएच्या तुटक्या टोकांना रंग लागतो. पण या जिवाच्या एकुलत्या एक मायटोकॉन्ड्रियात कायनेटोप्लास्ट असतो, हजारो मिनीसर्कल एकमेकांत अडकवलेली डीएनएची जाळी. तिची प्रत बनताना नव्या वर्तुळांत काही काळ फटी राहतात, म्हणजे ठणठणीत पेशीतही तिथे ठिपका उमटू शकतो. सायटोमीटर फक्त ‘पॉझिटिव्ह’ सांगतो. ठिपका केंद्रकात आहे की कायनेटोप्लास्टमध्ये, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून मी डॅपी या डीएनएच्या रंगाने दोन्ही रंगवून स्लाइडवर एकेक पेशी मोजत बसले. मान आखडली, पण आकड्यांवर भरवसा बसला. सोबत डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलेला नमुना आणि रंग जोडणारं एन्झाइमच न घातलेला नमुना हवेतच. त्यांच्याशिवायचा ट्यूनेलचा फोटो मी तरी मानत नाही.

जेसी-१ हा रंग त्यामानाने सोपा. मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार टिकून असेल तर लाल, गेला की हिरवं, तुलनेसाठी तो भार मुद्दाम घालवणारं सीसीसीपी हे रसायन. मी ठरावीक अंतराने नमुने काढले. आधी विद्युतभार ढासळला, नंतर केंद्रकातला डीएनए तुटला आणि प्रोपिडियम सर्वांत शेवटी आत शिरलं. मॅडमना पटला तो हा क्रम. प्रबंधात ॲनेक्सिनचा आलेख परिशिष्टात गेला.

आता हेच मॅक्रोफेज या आपल्या रोगप्रतिकारक पेशीत राहणाऱ्या ॲमॅस्टिगोट या परजीवीच्या रूपावर करायचं आहे. तिथे यजमान पेशीकडे फॉस्फॅटिडिलसेरीन आहे, कॅस्पेजही आहेत आणि औषधाने तीही मरू शकते. त्यामुळे सध्या परजीवी तिच्यातून अखंड बाहेर कसे काढायचे, यावरच घोडं अडलंय.