आखाड्याची लिंक, नोंद ७: रांग सापडली, पण उसाच्या तुऱ्यांमागे

शेतातल्या आखाड्यापासून घरापर्यंत मी दोन रेडिओंची १.८ किलोमीटरची वायरलेस लिंक उभी केलीये. वारं सुटलं की तिच्यात पॅकेटची (डेटाच्या तुकड्यांची) रांग लागायची आणि सगळं उशिरा पोचायचं. काल रात्री पावणेदहाला तिन्ही कॅमेऱ्यांचं अपलोड चालू ठेवून आखाड्यावरून घरच्या राउटरला पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारा छोटा संदेश) लावला. पंधरा मिनिटांत तीन सुळके सोडले तर आकडा ४५ मिलिसेकंदांच्या वर गेला नाही. मागच्या नोंदीत तो १,१०० होता. त्याच वेळी भाचीचा लातूरचा ऑनलाइन क्लास चालू होता, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा "मामा, सरांचा आवाज तुटायलाय" अशी हाक आली नाही. क्लास संपेपर्यंत मी ग्राफसमोरून उठलो नाही.

आता मधल्या दीड महिन्याचं सांगतो.

नोंद ६ मध्ये राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवायची सोय) लावून त्यातला केक, म्हणजे पॅकेट किती वेगाने सोडायचे ते ठरवणारा भाग, १८ मेगाबिटवर बांधला होता. दुपारी सगळं सुरळीत, संध्याकाळी वारं सुटलं की पुन्हा तेच. आधी मला हार्डवेअर ऑफलोडचा (पॅकेट थेट चिपमधून पुढं ढकलण्याचा) संशय आला, कारण ते चालू असेल तर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात. पण ते बंदच होतं. मग ओव्हरहेड (केक प्रत्येक पॅकेटमागे धरतो ते जादा बाइट) २२ चं ४४ केलं. फरक शून्य. मग क्लिप पाठवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्युबिक काढून बीबीआर लावला. पाठवायचा वेग ठरवण्याच्या या दोन पद्धती. क्युबिक पॅकेट गळेपर्यंत रांग भरत राहतो. बीबीआर अडचणीच्या जागेचा वेग आणि कमीत कमी फेरीवेळ मोजून त्या मापाने पाठवतो. यानं १,१०० चे ३०० झाले. ग्राफवर दर दहा सेकंदांनी तो २०० मिलिसेकंदांसाठी हात आखडता घेतो, ती खाच इतकी स्वच्छ उमटली की मी तिचा फोटो काढून ठेवला. पण ताईच्या टॅबलेटवरून व्हिडिओ चढायला लागला की त्याचा क्युबिक पुन्हा रांग भरणार. फक्त एका पाठवणाऱ्याला शिस्त लावून भागत नाही.

शेवटी दर दहा सेकंदांनी रेडिओचा टीएक्स रेट (पाठवण्याचा वेग) एसएनएमपीवरून, म्हणजे उपकरणाचे आकडे दुरून वाचायच्या सोयीतून, उचलला, पिंगशेजारी मांडला आणि दोन दिवस तसाच चालू ठेवला. तिथं उत्तर होतं. वारं नसताना ५२ मेगाबिट, वारं आलं की २६, कधी थेट १३. त्यातला निम्मा वेग खरा धरायचा. म्हणजे वाऱ्यात लिंकची खरी ताकद जेमतेम ६, आणि माझा केक १८ सोडतोय. रांग केककडे नव्हतीच, ती रेडिओच्या पोटात होती. ६ मेगाबिटला १,१०० मिलिसेकंद म्हणजे सव्वाआठ लाख बाइट, १,५०० बाइटची साडेपाचशे पॅकेट एका आंधळ्या रांगेत उभी. ज्याच्या दारात रांग, उशीर त्याच्या हातात. केकला तिथं बोलायला जागाच नव्हती.

आणि वाऱ्याचा संबंध काय? दोन्ही टोकांचे अँटेनाचे पाइप ६ मीटरचे. १.८ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर पहिला फ्रेनेल झोन (दोन अँटेनांच्या मधला, लहरींना लागणारा फुगीर पट्टा) मध्यावर ४.८ मीटर त्रिज्येचा, त्यातला साठ टक्के तरी मोकळा हवा, म्हणजे जमिनीपासून ३.१ मीटरच्या वर काही नको. लिंक उभी केली तेव्हा शेजारच्या काकांचा ऊस गुडघ्याएवढा होता. आता डाव्या कालव्याच्या पाण्यावर तो साडेतीन मीटरच्या पुढं गेलाय आणि वर तुरे आलेत. परवा संध्याकाळी पाइपावर चढून पाहिलं. मावळतीच्या उन्हात ते पांढरे तुरे समोरच्या अँटेनावरून सारखे ये-जा करत होते, आणि मोबाइलवर रेट त्यांच्या तालावर हलत होता.

आणखी एक गोष्ट यातच सापडली. कॅमेऱ्याची क्लिप २० सेकंदांत घरी पोचली नाही की माझी स्क्रिप्ट ती पहिल्यापासून पाठवायची. लिंक तुडुंब भरलेली, आणि घरच्या डिस्कवर एकही क्लिप पूर्ण नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, अवघ्या ४०० यार्डांवर, ३२ किलोबिटचा वेग ४० बिटवर आला होता, तो ह्याच रोगाने: जे वाटेतच आहे तेच पुन्हा पाठवणं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये स्लो स्टार्ट (हळू सुरू करून वेग वाढवत नेणं) आणि बाकीची औषधं मांडली ती त्यातूनच. मी क्लिप आता राहिलेल्या जागेपासून पुढं पाठवतो, आणि फसली की थांबायचा वेळ दर वेळी दुप्पट करतो.

केबलबद्दल एक सूचना. जिल्ह्याच्या एका दुकानातून "शुद्ध तांबं" म्हणून घेतलेली कॅट-६ आतून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा निघाली. ४० मीटरला पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला मिळणाऱ्या विजेचा) व्होल्टेज पडून रेडिओ रात्री रिस्टार्ट व्हायचा. विकत घेण्याआधी तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत द्या.

तर काल काय लावलं? केक-ऑटोरेट, म्हणजे केकचा वेग आपोआप बदलणारी स्क्रिप्ट. किमान ४, मूळ १२, कमाल २० मेगाबिट. उशीर वाढला की वेग उतरवतो, निवळला की चढवतो. सुरुवातीला यानंही छळलं, कारण पिंग बाहेरच्या सर्व्हरांना जात होते आणि संध्याकाळी गावच्या फायबरवरच गर्दी असते. रेडिओ ठणठणीत असतानाही वेग ४ वर येऊन बसायचा. यादीतून ते सगळे काढून फक्त घरचा राउटर ठेवला, आणि तिथून गाडी रुळावर आली.

राहिले ते तीन सुळके, प्रत्येकी २०० च्या आसपास, सेकंद-दीड सेकंदाचे. आज सकाळी चहा घेताना दादांना ग्राफ दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "पाटकरी शेत तुंबल्यावर दार खाली करत नसतो. कालव्यातली पातळी बघतो अन् आधीच दार हलवतो." मी कप तिथंच ठेवला. उशीर दिसेपर्यंत थांबायचंच कशाला? रेट एसएनएमपीवर मिळतोच आहे. दर सेकंदाला वाचायचा, निम्मा करायचा, त्यातून दहा टक्के कापायचे आणि टीसी या लिनक्सच्या आज्ञेने केकला तोच आकडा द्यायचा. ऑटोरेट मागं राखणीला राहील.

पाइप ९ मीटरचे करायचा बेत होता, तो सध्या मागे ठेवलाय. ऊसतोड झाली की तुरे जातील, पण मला ही स्क्रिप्ट वारं आणि तुरे दोन्ही असतानाच पारखायची आहे. तोडीची टोळी पंधरा दिवसांत येईल असं काका म्हणतात. नंतर एथ-नाइन-के ड्रायव्हरवर चालणाऱ्या एका जुन्या रेडिओवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली टाकून पाहीन. त्यात वायफायच्या थरातच एफक्यू-कोडेल (केकसारखीच रांग आवरणारी पद्धत) आहे, म्हणजे रांग रेडिओतच आवरली जाईल. तुमच्यापैकी कुणी हे लांबच्या लिंकवर चालवलं असेल तर अंतराच्या सेटिंगचा आकडा कळवा.