गणपतीला गावी निघताना क्लोनाझेपामच्या गोळ्या मोजा

ठाण्याहून कोकणात जायचं रिझर्व्हेशन कधीच झालेलं असतं. गोळ्यांची स्ट्रिप मात्र निघायच्या रात्री पाहिली जाते. क्लोनाझेपामच्या बाबतीत हे महागात पडतं. फिट्स किंवा पॅनिकसाठी (अचानक येणारे तीव्र घबराटीचे झटके) ही गोळी काही आठवडे रोज घेऊन एकदम थांबवली, तर थरथर, निद्रानाश, घबराट सुरू होते आणि फिटही येऊ शकते, पूर्वी कधी न आलेल्यालासुद्धा.

फसगत होते ती वेळेमुळे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे गोळी चुकली त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. ‘गोळीवाचून चाललं की!’ म्हणेपर्यंत दोन-चार दिवस जातात आणि ऐन आरतीच्या गडबडीत त्रास सुरू होतो.

गावच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही तर त्याच्यावर चिडू नका, त्याचं बरोबरच आहे. मूळ चिठ्ठी आणि चार-पाच दिवस पुरतील एवढ्या जादा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. स्ट्रिप कापून देत असतील तर नाव, मिलिग्रॅम आणि एक्स्पायरी दिसेल असाच तुकडा मागा. ०.२५च्या जागी ०.५ आली की डोस दुप्पट झाला. क्लोबाझाम हे नावाने जवळचं, पण वेगळं औषध. त्याच्या गोळ्या ५-१० मिलिग्रॅमच्या असतात.

एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. दारू, ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी), कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्या जोडीला ही गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनीही गुंगी वाढते. रात्री बाथरूमला उठणाऱ्या आजी-आजोबांना तोल सांभाळायला कोणीतरी जवळ हवं.

बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. पॅनिकसाठी दिवसातून दोनदा गोळी चालू असेल तर दर तीन दिवसांनी दोन्ही वेळच्या डोसमधून ०.१२५ मिलिग्रॅम कमी करणं ही एक पद्धत आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा वेग बराच कमी ठेवावा लागतो.

वाटेत फिट आलीच तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, ही गोळीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करा आणि डॉक्टरांनी फिट थांबवायला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे दिला असेल तर सांगितले तेवढेच फवारे मारा. एका फवाऱ्यात औषध किती, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून फवाऱ्यांचा आकडा बाटलीवरच लिहून ठेवा. ती बाटली डिकीतल्या बॅगेत नको.