भटाला दिली ओसरी

विम्बल्डन बघणाऱ्यांपैकी किती जणांना त्या क्लबचं पूर्ण नाव ठाऊक असतं कोण जाणे. ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोके क्लब. नावाच्या शेपटाला लोंबकळणारा हा क्रोके नावाचा खेळ मूळचा घरमालक. 1868 मध्ये क्लब निघाला तो त्याच्यासाठीच. 1875 मध्ये टेनिस नावाच्या नव्या खुळाला तिथली एक हिरवळ काढून दिली. भटाला दिली ओसरी! 1877 मध्ये टेनिस क्लबच्या नावात शिरलं, 1882 मध्ये क्रोके नावातून पार हद्दपार. 1899 मध्ये त्याला परत घेतलं, ते मागच्या बाकावर.

तसा खेळ दिसायला अगदी सोज्वळ. लांब दांड्याचा लाकडी हातोडा, जमिनीत रोवलेल्या कमानी, त्यांतून चेंडू काढत न्यायचा. आयर्लंडमधून तो 1850च्या सुमारास इंग्लंडात आला आणि बंगल्या-बंगल्यांच्या हिरवळीवर पसरला. गवत कापायचं यंत्र 1830 मध्येच निघालं होतं, म्हणून ही चैन परवडली.

पण खरी गंमत खेळातल्या खोडसाळपणात आहे. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला की दोन्ही चिकटवून ठेवायचे, आपल्यावर पाय रोवायचा आणि असा टोला हाणायचा, की समोरच्याचा थेट झुडपात. गोट्या खेळताना दुसऱ्याची गोटी टिपून लांब उडवण्याचं जे सुख, तेच हे. फक्त इथे वर हसून ‘माफ करा हं’ म्हणायचं. पुढे स्पर्धांच्या नियमांनी हे पाय रोवणं बंद केलं. माझ्या मते खेळाचा निम्मा जीव तिथेच गेला.

पाय रोवायचा म्हणजे बायकांना घोळदार झगा जरा उचलावा लागे, आणि घोटा दिसे. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराच्या 1866 च्या एका चित्रात पुरुष ओणवा होऊन चेंडू नीट लावून देतोय आणि बाई ऐटीत उभी आहे. एरवी तरुण मुलामुलींनी चारचौघांत एकत्र खेळावं असं होतंच काय? इथे तर भर दुपारी, आईच्या डोळ्यांदेखत, चेंडू शोधायला दोघं झुडपाकडे जाऊ शकत. झुडपात चेंडू सापडायला किती वेळ लागावा, याला नियम नव्हता.

आणि बायका नुसत्या मिरवत नव्हत्या. इंग्लंडच्या खुल्या स्पर्धेत पुरुषांशी खेळून लिली गोवर 1905 मध्ये विजेती झाली. डोरोथी स्टील तर चारदा जिंकली: 1925, 1933, 1935 आणि 1936. टेनिसने घर बळकावलं खरं, पण बाई विरुद्ध पुरुष असा एकेरीचा सामना विम्बल्डनच्या वेळापत्रकात आजही शोधून सापडायचा नाही.